फवारणीचे औषध आणि घरातली शुगर

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषणाचा मजकूर)



सत्कार समारंभात विद्यार्थ्यांना दोन शब्द सांगावेत असे कार्यकारिणीने मला कळविले. अभ्यास कसा करावा, वेळेचे नियोजन कसे करावे, यावर माझ्या आधीचे दोन्ही वक्ते माझ्यापेक्षा चांगले बोलले आहेत. म्हणून मी आज वेगळा विषय घेतो. मी बँकेत कारकून आहे आणि पदवी कला शाखेची आहे. डॉक्टर नाही, शेतीतज्ज्ञही नाही. पण या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांचा कोणी ना कोणी काका, मामा, मोठा भाऊ गावाकडे दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो. आणि गेल्या काही वर्षांत त्याच घरांतून "शुगर निघाली" हे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, हा माझा विषय. वाचून, विचारून जे समजले ते सांगतो.

आधी एका शब्दाविषयी. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. "औषध मारले का?" असे विचारतो. कृषी केंद्रातून आणतो तेही औषध आणि मेडिकलमधून आणतो तेही औषध. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हा शब्द फार दिवस खटकतो आहे. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेलही. पण औषध म्हटले की माणसाचा हात सैल होतो. मग बाटलीच्या झाकणाने माप घेतले जाते, काडीऐवजी हाताने ढवळले जाते, नोझल तुंबले तर तोंडाने फुंकले जाते. विषाला विष म्हटले असते तर बहुधा इतके धाडस झाले नसते.

सरकारने मात्र त्याला विष म्हटले आहे. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाण्यात आले आणि शंभरावर माणसे दगावली. त्या घटनेनंतर चौकशी झाली, पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम आले. डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो तो या नियमांचा. लाल म्हणजे अति विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर हा त्रिकोण घरच्यांना जरूर दाखवावा. पण त्याच वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा त्रिकोण ठरतो तो प्रयोगातील निम्मी जनावरे किती मात्रेने मरतात यावरून. म्हणजे तो आज, उद्या, या आठवड्यातल्या मृत्यूबद्दल बोलतो. वीस वर्षे थोडे थोडे अंगात जाऊन काय होते, याबद्दल तो त्रिकोण काहीही बोलत नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

आजचा मृत्यू कसा असतो ते आपल्या राज्याने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, दाट झाली होती. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली गेली. बारीक धुके सोडणारे जोरदार पंप आले होते. दमट उकाड्यात फवारा पिकावर जितका, तितकाच माणसाच्या तोंडावर आणि छातीवर. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली, कित्येकांची दृष्टी काही दिवस अधू झाली. त्यांत शेतकरी होते तसे रोजंदारीचे मजूरही होते. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. वर्तमानपत्रांतून तो विषय महिनाभर गाजला आणि ओसरला.

माझा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. जे दगावले नाहीत, दवाखान्यातही गेले नाहीत, ज्यांना नुसते गरगरले, मळमळले, संध्याकाळी ताक पिऊन जे झोपले आणि सकाळी पुन्हा पंप घेऊन निघाले, त्यांच्या शरीराच्या आत काय चालते?

यासाठी चयापचय म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे लागेल. मी ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो, डॉक्टर मंडळींनी क्षमा करावी. आपण खातो त्यातून साखर रक्तात येते. हे आपले बचत खाते, रोजच्या खर्चाचे. जास्तीची रक्कम यकृतात आणि स्नायूंत आवर्त ठेवीसारखी साठते आणि त्याहून जास्तीची चरबीच्या रूपाने मुदत ठेवीत जाते. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळती करायची तर सही लागते. ती सही इन्सुलिनची. ते स्वादुपिंडात तयार होते. ही सही ओळखेनाशी झाली, किंवा सही करणाराच थकला, की रक्कम बचत खात्यातच तुंबून राहते. रक्तातली साखर वाढते. त्याच्या जोडीला कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढणे आणि चांगले कोलेस्टेरॉल घटणे, असे एकमेकांचा हात धरून येते. या पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या की डॉक्टर त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर व स्त्रीला ८० सेंटिमीटर धरतात.

देशात हा आजार किती पसरला आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. कारणे आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. खाणे वाढले, चालणे कमी झाले, ताण वाढला. आमच्यासारख्या खुर्चीत बसून नोटा मोजणाऱ्यांना ती कारणे तंतोतंत लागू आहेत. पण दिवसाला पंधरा-वीस पंप पाठीवरून रिकामे करणाऱ्या, हाडकुळ्या मजुराला ती कशी लागू व्हावीत?

हाच प्रश्न तामिळनाडूतील मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांना पडला. गणेशन वेलमुरुगन, सुब्बय्या रामसामी आणि त्यांचे सहकारी. त्यांनी मदुराईच्या आसपासच्या खेड्यांतील ३,०८० लोकांची तपासणी केली आणि २०१७ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा कीटकनाशकांशी थेट संबंध येतो त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण १८.३ टक्के निघाले. ज्यांचा येत नाही त्यांच्यात ६.२ टक्के. जवळजवळ तिप्पट. रक्तात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अवशेष जितके जास्त, तितके तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे मापही, म्हणजे एचबीएवनसी, जास्त आढळले.

मग त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. १८० दिवस मोनोक्रोटोफॉसची अल्प मात्रा दिली. उंदीर मेले नाहीत, पण त्यांची साखर हाताळण्याची शक्ती बिघडली. कशामुळे? तर आपल्या आतड्यांत जे कोट्यवधी जिवाणू राहतात ते हे विष फोडतात. एका अर्थी उपकारच करतात. पण फोडताना त्यातून ॲसिटिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात आणि ते यकृताला नवी साखर बनवायला लावतात. खात्री करण्यासाठी या उंदरांच्या आतड्यांतील जिवाणू दुसऱ्या, विष न दिलेल्या उंदरांत सोडले. त्यांचीही साखर बिघडली. मी हे वाचले तेव्हा काही वेळ पुढचे वाचता आले नाही. बाहेरून आलेला माल आपलेच नोकर उघडतात आणि त्यातूनच तिजोरीत खोट येते, असा हा प्रकार.

या संशोधनात एक बारीक गोष्ट आहे, ती विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी. ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा ओळखण्यासाठी रक्तातील कोलिनेस्टरेज तपासतात. हे विष नेमके त्यावरच घाव घालते. त्यामुळे लाळ गळते, बाहुली बारीक होते, श्वास कोंडतो. मदुराईच्या अभ्यासात साखरेचा संबंध विषाच्या अवशेषांशी दिसला, पण या कोलिनेस्टरेजशी दिसला नाही. उंदरांतही त्यात लक्षणीय फरक पडला नव्हता. म्हणजे ज्या तपासणीवर आपण विषबाधा झाली की नाही हे ठरवितो, ती तपासणी अगदी व्यवस्थित येऊनही आत साखरेचा बिघाड चालू असू शकतो.

परदेशातही हा विषय नवा नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून शेतकरी व परवानाधारक फवारणी करणारे यांचा मोठा अभ्यास चालू आहे. २००८ मध्ये त्यातील ३३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. सात रसायने अशी निघाली की त्यांच्या वापराचा मधुमेहाशी संबंध दिसला, आणि ज्यांनी आयुष्यात जास्त दिवस वापरली त्यांच्यात जोखीम जास्त. त्या सातांत अल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही जुनी मंडळी होती. शिवाय डायक्लोरव्हॉस, ट्रायक्लोरफॉन, अलाक्लोर होते. डायक्लोरव्हॉस म्हणजे आपल्याकडचे नुवान. खेड्यात ते ठाऊक नाही असे घर विरळा. २०१४ मध्ये त्याच अभ्यासातून शेतकरी कुटुंबांतील ज्या स्त्रियांनी स्वतः औषध कालवले किंवा मारले त्यांच्याबद्दल लेख आला. तेथे मधुमेहाशी ज्यांचा संबंध दिसला त्यांत फोरेट होते. फोरेट म्हणजे थिमेट. आपल्या आया-बहिणींनी हाताने दाणे फेकलेले थिमेट. भारतात डायक्लोरव्हॉस, ट्रायक्लोरफॉन, अलाक्लोर आणि फोरेट यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. मधुमेहासाठी म्हणून ती आली नाही, पण आली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले याच विषाने गेली. तरी त्यावर पूर्ण बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले.

डीडीटीचे वेगळेच. माझ्या लहानपणी हिवतापवाले येत, भिंतीवर पांढरे पट्टे ओढून दारावर तारीख लिहून जात. हिवताप हटविण्यात त्या डीडीटीचा वाटा मोठा आहे, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शेतीतला त्याचा वापर आपल्याकडे १९८९ मध्ये बंद झाला. पण हे पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. शरीरातल्या मुदत ठेवीत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे मोडत नाही. कोरियाच्या संशोधिका डक-ही ली यांनी २००६ मध्ये अमेरिकन लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून दाखविले की डीडीटीपासून तयार होणारे डीडीई आणि तत्सम रसायने ज्यांच्या रक्तात जास्त त्यांच्यात मधुमेहही जास्त. आणखी अलीकडे, २०२१ मध्ये, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने क्लोरपायरिफॉसबाबत उंदरांत असे दाखविले की ते शरीरातील उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीचे काम मंदावते. वजन वाढते आणि इन्सुलिनची सही चालेनाशी होते. हे क्लोरपायरिफॉस शेतातच असते असे नाही. घर बांधताना पायात वाळवीसाठी ओततात तेही बहुधा हेच. शहरात राहणाऱ्या सभासदांनीही कान टवकारावेत म्हणून सांगितले.

आता दुसरी बाजू. येथे वकील मंडळी बसली आहेत, ती विचारतील की संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले का? नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मदुराईची पाहणी एका वेळची होती. आधी फवारणी की आधी शुगर, हे अशा पाहणीतून पक्के ठरत नाही. फवारणी करणाऱ्याच्या आयुष्यात दारिद्र्य आहे, तंबाखू आहे, अर्धपोटी राबणे आहे, यांचाही वाटा असणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले की भारतीय माणूस दिसायला बारीक पण आतून चरबी बाळगणारा असतो आणि त्याची मुळे आईच्या गर्भारपणातील कुपोषणापर्यंत जातात. ज्या आईला पोटभर मिळाले नाही तिचे मूल जन्मतःच अशा आजाराला कच्चे. आणि तेच मूल मोठे होऊन पाठीवर पंप घेते. एकाच माणसावर दोन्हीकडून वार.

पण सिद्ध होईपर्यंत गप्प बसावे, हे मला पटत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलांवर एजंट ऑरेंज नावाचे तणनाशक फवारले. त्यात डायॉक्सिन होते. २००० साली तिथल्या तज्ज्ञ समितीने सांगितले की त्याचा मधुमेहाशी संबंध असल्याचा पुरावा मर्यादित आहे, सुचविणारा आहे. 'मर्यादित' हाच शब्द. तेवढ्यावर २००१ मध्ये त्या सरकारने आपल्या माजी सैनिकांचा मधुमेह नुकसानभरपाईस पात्र ठरविला. सैनिकाला संशयाचा फायदा मिळतो. शेतमजुराला का मिळू नये?

आपल्याकडे कागद नाहीत असे नाही. १९७१ च्या नियमांत फवारणीचे काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी करावी, ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांचे कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे, संरक्षक कपडे द्यावेत, अशी तरतूद आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशक फवारणारे कामगार होते. हे किती मजुरांना माहीत आहे? राज्यातली शेतकरी अपघाताची योजना आहे, तीत विषबाधा येते. पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातील एका व्यक्तीला. काउंटरवर बसून मी रोज पाहतो, ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याचे नाव पुढच्या कुठल्याच यादीत येत नाही. शेत एकाचे, पीक एकाचे, विमा एकाचा आणि फवारा दुसऱ्याच्या अंगावर.

आणि आता सर्वांत जवळचा कागद. गावात आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. वय किती, तंबाखू-दारू किती, कंबर किती, आठवड्यातून दीडशे मिनिटे श्रम होतात का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का. प्रत्येकाला गुण आहेत. चारच्या वर गुण गेले की जोखीम जास्त समजतात व तपासणीत त्याला प्राधान्य देतात. आपल्या फवारणीवाल्या भावाला त्यात बसवून पाहा. कंबर बारीक, शून्य. श्रम भरपूर, शून्य. घरात कोणाला शुगर आहे का, तर कधी कोणी तपासलेच नाही, म्हणून तेही शून्य. फवारणी किती वर्षे करतो, या प्रश्नाला त्या गुणांत जागाच नाही. म्हणजे ज्याची चिंता करायला हवी तोच कागदावर सर्वांत निरोगी ठरण्याची शक्यता.

म्हणून संस्थेपुढे मी एक सूचना ठेवतो. आपण दरवर्षी आरोग्य शिबिर घेतो. यंदा ते शहरातल्या विहारात घेण्याऐवजी फवारणीचा हंगाम संपल्यावर गावात घ्यावे आणि नोंदणीच्या कार्डावर तीन प्रश्न वाढवावेत: फवारणी किती वर्षे केली, हंगामात साधारण किती दिवस, आणि कोणकोणती औषधे. डबा आणून दाखविला तर उत्तम. नाव लिहून घेण्याचे काम आपले विद्यार्थी करतील. स्त्रियांना वेगळे विचारावे, कारण "तुम्ही फवारणी करता का?" असे विचारले तर त्या नाही म्हणतात. पाणी आणून देणे, औषध कालवणे, नवऱ्याचे भिजलेले कपडे घरच्या कपड्यांत धुणे, याला त्या फवारणी म्हणत नाहीत. अशी पाच-सहा वर्षांची कार्डे साठली तर निदान आपल्या तालुक्यापुरते काही बोलता येईल, आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाताना हातात कागद असेल.

तोवर घरी सांगण्यासारखे थोडे. फवारताना खर्रा, तंबाखू, बिडी अजिबात नको. त्या हाताने विष सरळ तोंडात जाते. वारा पाठीवर घ्यावा. दोन औषधे एकत्र करू नयेत. नोझल तारेने किंवा ब्रशने साफ करावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला कापड. घरी आल्याबरोबर अंघोळ, कपडे वेगळे धुणे. रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये, भोके पाडून नष्ट करावा. भाजी धुवून घ्यावी हे खरे, मात्र काही औषधे झाडाच्या आत भिनतात, ती धुतल्याने जात नाहीत. आणि ज्याने दहा-पंधरा हंगाम फवारणी केली आहे त्याने तब्येत ठणठणीत वाटत असली तरी वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. डॉक्टरांनी काही विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे, "साहेब, मी फवारणी करतो."

कार्डाचा एक नमुना मी लिहून आणला आहे. तो चिटणीसांकडे देतो. ज्या विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी नोंदी घ्यायच्या असतील त्यांनी कार्यक्रमानंतर त्यांच्याकडे नावे द्यावीत.